फवारणीच्या ड्रोनचे पाय वारंवार तुटतात, तेव्हा नळी बदलण्याआधी काय बघायचे

सोयाबीनवर पहिली फवारणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यातून आमच्याकडे दुरुस्तीला एकाच दुखण्याची मशीन येऊ लागतात. पाय तुटलेला. पायाची नवी नळी टाकून दिली की काम चालू होते, आणि थोड्याच दिवसांत तेच मशीन, तोच पाय, बहुतेक वेळा त्याच जागी तुटून परत. मग सोबत आलेला माणूस म्हणतो, "भाऊ, लोखंडी पाइपच लावून द्या ना, एकदाची कटकट मिटते." मी ते लावून देत नाही. का देत नाही, पाय खरोखर कशाने जातो आणि त्यात पैसा नेमका कुठे खर्च होतो, हे एकदा सविस्तर सांगायला हवे. दहा लिटरची टाकी, चार किंवा सहा पंखे आणि खाली कार्बन फायबरच्या नळ्यांचे पाय, असा ड्रोन डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. आपल्या भागात बहुतेक तसेच आहेत.

आधी पायावर भार किती येतो ते बघू. एका एकराला साधारण दहा लिटर, म्हणजे एक टाकी. एकर झाला की उतरायचे, टाकी भरायची, बॅटरी बदलायची, पुन्हा उडायचे. वीस एकरांचे काम म्हणजे दिवसातून वीस वेळा पाय जमिनीला लागणार, आणि तेही धावपट्टीवर नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. प्रवासी विमानाच्या चाकांनाही एका दिवसात सहसा इतक्या वेळा उतरावे लागत नाही. भरलेल्या टाकीसह हे मशीन पंचवीस किलोच्या आसपास जाते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने अलगद टेकले, तर पायांनी जिरवायची ऊर्जा जेमतेम तीन ज्यूल. दीड मीटर वेगाने आले तर अठ्ठावीस ज्यूल. वेग तिप्पट झाला, मार नऊपट झाला. आणि फूटभर उंचीवरून मोटारी बंद केल्या तर तोच आकडा पंचाहत्तरच्या घरात जातो. "जरासंच आपटलं" असे म्हणतात, तेव्हा ते या शेवटच्या प्रकारात मोडते.

तुटलेला तुकडा फेकू नका

तुटलेली नळी बदलायच्या घाईत जुना तुकडा धुऱ्यावरच टाकून देतात. पाय कशाने तुटला ते त्याच तुकड्यावर लिहिलेले असते. तो घेऊन उजेडात बसा. हातात रबरी मोजे घाला. कार्बनचे कुसळ बाभळीच्या काट्याहून बारीक असते आणि कातडीत गेले की निघत नाही. नळी कापायची असेल तर तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत जायला नको.

नळी अगदी क्लॅम्पच्या (नळी पकडणाऱ्या कड्याच्या) कडेला तुटली असेल आणि तिला लांबीच्या दिशेने चिरा गेल्या असतील, तर दोष क्लॅम्पचा आहे. कोणी तरी स्क्रू जास्त आवळले आणि नळी चेपली, किंवा स्क्रू सैल पडून नळी आत हलत राहिली. नळी मध्येच फुटली आहे, एका बाजूने धागे बाहेर आले आहेत आणि दुसरी बाजू वाकल्यासारखी आहे, तर मशीन उतरताना आडवे सरकत होते. वारा, चुकीचे कॅलिब्रेशन (मशीनला सपाट कशाला म्हणायचे ते शिकवणे) किंवा उतार, यांपैकी काही तरी. वर ज्या प्लेटला पाय बसतो तिथले स्क्रू उपटून आले असतील, किंवा खालचा टी-सांधा उभा चिरला असेल, तर मशीन सरळ वरून आपटले. आणि पायाचे टोकच तुटले, त्यावर ओरखडा किंवा तारेचा वळ असेल, तर पाय कशात तरी अडकला होता.

उरलेल्या पायांचीही झडती घ्या. दहा रुपयांच्या नाण्याने नळीवर वरपासून खालपर्यंत हळूहळू टिचकत या. चांगली नळी टणटण वाजते. आतले थर सुटलेल्या जागी आवाज एकदम बसतो, थप असा येतो. बाहेरून काहीही दिसत नसले तरी ती जागा पुढच्या लँडिंगला जाणार. मोठ्या विमानांत जोराचे लँडिंग झाले की लँडिंग गिअर तपासल्याशिवाय पुढचे उड्डाण होत नाही. आपल्या मशीनलाही तोच नियम लावावा असे माझे ठाम मत आहे, आणि नाण्याच्या या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

काळी जमीन आणि चिखलाचा गारा

माझ्या अनुभवात आपल्याकडचे निम्म्याहून जास्त दुखणे इथे आहे. आपली काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात धुऱ्यावर उतरलेले मशीन टाकी भरेपर्यंत चिखलात बसते. दहा किलो पाणी आत पडले की एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त रुततो. मग उडताना काय होते ते जवळून बघा. थ्रॉटल दिला, म्हणजे मोटारींचा जोर वाढवला, की मोकळा पाय उचलला जातो, रुतलेला पाय चिखलाने धरून ठेवलेला असतो. मशीन त्या पायाभोवती कलते. आतला कंट्रोलर ते सरळ करायला एका बाजूच्या मोटारींना आणखी जोर देतो, पण पाय सुटत नाही म्हणून काही होत नाही, म्हणून आणखी जोर. आणि मग गारा एकदम सोडतो. साठलेला सगळा जोर एका झटक्यात मोकळा होतो, मशीन विरुद्ध बाजूला फेकले जाते, पंखा मातीत. आपण समजतो उतरताना पाय तुटला. पुष्कळ वेळा तो उडतानाच तुटलेला असतो.

यावर उपाय साधा आहे. बारा मिलिमीटर जाडीची, चार बाय चार फुटांची प्लाय घ्या. वरून उठून दिसेल असा रंग द्या, चारही कोपऱ्यांना भोके पाडून लोखंडी खुंट्या ठोका. ती पांदणीवर (शेतरस्त्यावर) किंवा वावराच्या तोंडाशी सपाट जागी मांडा आणि दिवसभर तिथूनच उडा, तिथेच उतरा. मोटारसायकलवर मागच्या माणसाला धरून नेता येते. ताडपत्री अंथरू नका. पंख्यांच्या वाऱ्याने तिची कड उचलली जाते आणि वर ओढली जाऊन पंख्यात गुंतते. बारदानाचेही तेच.

जागा निवडताना नुसते जमिनीकडे बघून चालत नाही, धुऱ्याच्या कडेलाही बघा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची, म्हणजे विजेच्या कुंपणाची, तार इतकी बारीक असते की वीस पावलांवरून दिसत नाही. ड्रोनच्या रडारलाही ती हमखास दिसेल असे धरून चालू नका. उतरताना पाय तिच्यात अडकला की मशीन तिथेच उलटते. ठिबकच्या नळ्या, मागच्या हंगामातले पऱ्हाटीचे (कपाशीचे) आणि तुरीचे खुंट, हेही तसेच. शेतमालकाला आधी विचारा, "तार कुठून गेली आहे?" आणि तिथे एक लाल फडके बांधा.

पायांच्या खालच्या आडव्या नळीवर जो फोमचा किंवा रबराचा वेढा असतो, तो शोभेचा नाही. निघाला असेल तर नवा घाला. त्याला चिकटलेला गारा प्रत्येक लँडिंगला काढा. काळ्या मातीचा लगदा एका बाजूला साचला तर मशीन कलून उडते आणि कलून उतरते.

उतरण्याची रीत

सरळ खाली वेगाने येऊ नका. मशीन स्वतःच्याच पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेत उतरत असते. वेग वाढला की ती ढवळलेली हवा पंख्यांची पकड सोडवते, मशीन डुलायला लागते आणि थ्रॉटल वाढवूनही सावरत नाही. वरून येताना किंचित पुढे सरकत तिरके या, जमिनीपासून माणूसभर उंचीवर थांबा, मशीन स्थिर होऊ द्या, मगच हळूहळू खाली.

शेवटच्या फूटभरात वेगळाच प्रकार असतो. जमिनीजवळ हवेची गादी तयार होते आणि मशीन टेकायला तयार होत नाही, तरंगत राहते. वाट बघून कंटाळलेला हात इथे थ्रॉटल एकदम ओढतो किंवा मोटारी बंद करतो. पंचाहत्तर ज्यूलचा मार तो हाच. स्टिक खाली धरून ठेवा, टेकल्यावर दोन क्षण थांबा, मग बंद करा. धुऱ्याच्या काठावर तर अर्धे पंखे बांधावर आणि अर्धे खोलगट भागावर असतात, गादी एकाच बाजूला मिळते आणि मशीन बांधापासून दूर लोटले जाते. बांधाच्या काठावर उतरू नका, याचे हेही एक कारण आहे.

उंची मोजणारा रडार टाकीखाली असतो, त्यावर औषधाचा थर आणि चिखल बसतो. रोज ओल्या मऊ फडक्याने पुसा. पिकावरून उडताना तो शेंड्यापासूनची उंची सांगतो. कमरेएवढी पऱ्हाटी संपून मोकळी जागा आली की आकडा एकदम बदलतो. म्हणून पिकाच्या कडेला स्वयंचलित लँडिंगवर विसंबण्यापेक्षा मोकळ्यावर आणून उतरवावे.

बॅटरीबद्दल एकच गोष्ट. व्होल्टेज उतरले की मशीन आहे तिथेच उतरायला लागते, मग खाली तूर असो की विहीर. एक एकर आणखी ओढायचा मोह आवरा. ड्रोनसोबत वारा मोजायचे यंत्र मिळाले असेल तर तेही पेटीतून बाहेर काढून वापरा. आणि भरल्या टाकीने उतरायची वेळ आलीच, पाऊस आला म्हणून किंवा काही बिघडले म्हणून, तर लँडिंगचा वेग नेहमीपेक्षा निम्मा ठेवा. अर्धी टाकी तर आणखी नाठाळ, आतले पाणी हिंदकळून मशीनला ऐन टेकताना ढकलते.

क्लॅम्प, स्क्रू आणि पांढरी भुकटी

क्लॅम्पच्या कडेला तुटणाऱ्या पायांचे मूळ दोन गोष्टींत असते. एक, कंपनाने स्क्रू सैल पडतात. धातूच्या स्क्रूला निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल पडू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) एक थेंब लावा, लाल नको, पुढे उघडताना स्क्रूचे डोके खराब होईल. प्लास्टिकच्या सांध्याला ते अजिबात लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकते. आवळल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून क्लॅम्पवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे बघताच कळते. ॲलन की आखूड बाजू हातात धरून फिरवा म्हणजे हाताला हवे त्यापेक्षा जास्त आवळता येत नाही, आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घ्या, दोन्हीकडची फट सारखी राहिली पाहिजे.

दुसरे, गंज. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते. त्यात आपण विद्राव्य खते फवारतो, म्हणजे ओलावाही खारट. क्लॅम्पच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर आत पोकळी झाली असे समजा. क्लॅम्प आणि नळी यांच्यामध्ये मुळात रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी असेल तर ती "घट्ट बसत नाही" म्हणून काढून टाकू नका, ती याचसाठी आहे. रोज संध्याकाळी साध्या पाण्याने मशीन धुवा आणि सावलीत सुकवा.

धुण्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. ड्रोनचा मोठा फायदा हाच, की माणूस औषधाच्या धुक्यातून बाहेर आला. आणि तोच माणूस पाय तुटल्यावर औषधाने ओले मशीन मांडीवर घेऊन उघड्या हाताने स्क्रू खोलायला बसतो. आधी टाकी रिकामी करा, साध्या पाण्याने तीनदा खंगाळा, पाय-सांधे धुवा, मोजे घाला, मग हात लावा. आणि हवेत असतानाच पाय लटकलेला दिसला तर मशीन हाताने झेलायला कोणीही पुढे जाऊ नये. सगळ्यांना लांब करा, सपाट जागी उतरवा, टेकताक्षणी मोटारी बंद करा. मशीन कलंडेल, कलंडू द्या.

नळी बदलल्यावर

दुरुस्तीनंतर लगेच पुन्हा तुटते त्यामागे बहुतेक वेळा नवी नळीच असते. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि लांबी. बाहेरून सारखी दिसणारी पण पातळ भिंतीची नळी बाजारात सहज मिळते. व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही, त्यामुळे नळ्या आणि क्लॅम्प मिळत नाहीत असे होत नाही. योग्य मापाचे मागवायला हवेत. क्लॅम्पजवळ नळीला नवे भोक पाडू नका, चीर तिथूनच सुरू होते.

एक पाय दोन-चार मिलिमीटरने आखूड झाला तर काय मोठेसे, असे वाटते. पण मशीन त्या पायांवर उभे असतानाच आपण त्याला "ही सपाट जागा" म्हणून शिकवतो. पाय आखूड किंवा जागा तिरकी असेल तर ते तिरपेपणाच सपाट मानते, हवेत एका बाजूला सरकत राहते आणि आडवे सरकत उतरते. म्हणजे पुन्हा मध्येच फुटलेली नळी. नवा पाय बसवला की मशीन लेव्हल बाटलीने तपासलेल्या सपाट फरशीवर ठेवा आणि लेव्हलचे कॅलिब्रेशन करा. कंपासचे कॅलिब्रेशन ट्रॅक्टर, बोअरचा पाइप, विजेचा खांब यांच्यापासून दूर. पहिले उड्डाण रिकाम्या टाकीने, दुसरे साध्या पाण्याने, त्यानंतर औषध.

खर्च कुठे होतो

पाय ही या मशीनमधली सगळ्यात स्वस्त गोष्टींपैकी एक आहे. महाग पडते ते त्याच्यामागून येणारे. पाय गेला की मशीन कलते आणि पहिला फटका पंख्याला. फिरता पंखा मातीत अडला की मोटारीत करंट एकदम चढतो आणि तो ईएससीला, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, भाजून काढतो. कधी मोटारीचा शाफ्ट वाकतो आणि आठवडाभराने कंपनातून लक्षात येतो. त्यानंतर हाताचा घडीचा सांधा, नोझलची दांडी, टाकीखालचा पंप, आणि नशीब फारच वाईट असेल तर रडार. या क्रमाने बिल वाढत जाते.

त्याहून मोठे नुकसान मशीन उभे राहण्याचे. आपल्याकडे एकरी तीनशे ते पाचशे रुपये घेतात. चारशे धरले आणि वीस एकर धरले तर दिवसाला आठ हजार. पार्सल जायला-यायला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले तर बत्तीस हजार रुपयांचे काम हातचे गेले, आणि अळी तर थांबत नाही, शेतकरी दुसऱ्याला बोलावतो. म्हणून दोन पाय, दोन जोड क्लॅम्प आणि स्क्रूंची एक डबी पेटीत कायम ठेवा. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते, आणि त्या संचात जादा पंखे आणि नोझल असतात. पायांचा जोड स्वतःच्या खर्चाने घ्यावा. त्याच योजनेत गटातल्या किंवा घरातल्या एकाला ड्रोन सहाय्यक म्हणून शिकवतात. ताई, ते प्रशिक्षण कागदापुरते राहू देऊ नका. वर सांगितलेली रेघ, नाणे आणि प्लाय, ही कामे त्या माणसाची.

आता लोखंडी पाइपाचे उत्तर. पाय मशीनमध्ये सगळ्यात आधी तुटावा अशाच बेताने केलेला असतो. तो तुटताना मार स्वतःवर घेतो. त्याला लोखंडी केले तर तोच मार वर जातो, फ्रेमच्या प्लेटला, हातांच्या सांध्यांना, कंट्रोलरच्या बैठकीला. दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि फ्रेम चिरली, असे होऊ नये. वजन वाढते ते वेगळे, उड्डाणाचा वेळ कमी होतो. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मशीनला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या मंजुरीचे प्रमाणपत्र) असते, ते त्याच्या मूळ बांधणीसाठी दिलेले असते. पाय बदलून वेगळ्याच बनावटीचे केले तर विम्याच्या दाव्यात तोच पहिला प्रश्न निघतो.

विम्याचे म्हणाल तर योजनेतल्या संचात एक वर्षाचा सर्वसमावेशक विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करार येतो. पाय तुटल्यावर मशीन उचलायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा, त्यात जमीन दिसली पाहिजे. फ्लाइट लॉग (उड्डाणाची नोंद) त्याच दिवशी रिमोटमधून किंवा ॲपमधून काढून मोबाईलवर पाठवून ठेवा. नंतर तोच रिमोट वापरत राहिलात तर काही मशीनमध्ये जुना लॉग पुसला जातो. दुरुस्तीला पाठवताना तुटलेला तुकडा, फोटो आणि लॉग सोबत द्या, टाकीत त्या वेळी किती लिटर होते ते कागदावर लिहा. आणि मशीन धुऊन, सुकवून, बॅटरी काढूनच पाठवा. बॅटरी त्याच पेटीत घालू नका.